टॉर्क कन्व्हर्टर टॉर्क ‘वाढवतो’, तो नेमका कुठून आणतो?

शंकासुर (प्रश्न)

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी वाचताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडतो, म्हणून हा धागा काढत आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात तेल भरलेले असते, इंजिनाच्या बाजूचे चाक ते तेल ढकलते आणि समोरचे चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरते, इथपर्यंत माझी काही अडचण नाही. हे समजावताना बहुतेक जण दोन टेबलफॅनचे उदाहरण देतात: एक पंखा चालू करायचा, दुसरा बंद पंखा त्याच्यासमोर ठेवायचा, म्हणजे पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. उदाहरण पटण्यासारखे आहे. परंतु त्याच लेखात दोन परिच्छेदांनंतर असे विधान येते की गाडी जागेवरून निघताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दुपटीच्या आसपास नेतो, आणि तिथे मला काही उमगेनासे होते. पहिल्या पंख्याच्या मोटारीत जेवढा जोर आहे त्याच्या दुप्पट जोर समोरच्या पंख्याला कुठून मिळणार? हा ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचा भंग नाही का?

‘मध्ये स्टेटर असतो, तो टॉर्क वाढवतो’ एवढेच उत्तर मला आजवर मिळाले आहे. ते खरे असेलही, पण स्टेटर तर स्थिर असतो. जो भाग स्वतः फिरतच नाही तो टॉर्क कसा वाढवतो, हे कोणी सावकाश समजावून सांगावे. आणि हे यंत्र आपोआप टॉर्क वाढवत असेल, तर त्याच्यामागे पुन्हा सहा किंवा आठ गिअर लावण्याची गरज का पडते, हेही जाता जाता सांगितल्यास आभारी राहीन.

अक्षदंड (प्रतिसाद)

आपली शंका योग्य जागी आहे. पंख्यांचे उदाहरण चुकीचे नाही, पण ते टॉर्क कन्व्हर्टरचे नसून फ्लुइड कपलिंगचे आहे. फ्लुइड कपलिंगमध्ये दोनच चाके असतात, आणि दोनच चाके असलेल्या बंद यंत्रात एका बाजूने जेवढा टॉर्क आत जातो तेवढाच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. समोरचे चाक मागे पडू शकते, म्हणजे त्याचा वेग कमी असू शकतो, पण त्याला मिळणारा टॉर्क इंजिनाच्या टॉर्कपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणून पंख्यांच्या उदाहरणावर विसंबून टॉर्कची वाढ समजून घ्यायला गेल्यास ती कधीच समजणार नाही. त्या उदाहरणात ती घडतच नाही.

आधी ऊर्जेचा प्रश्न निकालात काढू. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. टॉर्क दुप्पट झाला आणि वेग निम्म्याहून खाली गेला, तर ऊर्जेच्या नियमाला कुठेही धक्का लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये नेमके हेच होते आणि त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. मात्र गिअरबॉक्सबाबत एक गोष्ट आपण सहसा विसरतो: आत १५० न्यूटन-मीटर टॉर्क गेला आणि बाहेर ४५० आला, तर मधला ३०० गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आवरणाला कोणीतरी द्यावाच लागतो. ते आवरण बोल्टने घट्ट बांधलेले नसेल, तर ते स्वतःच गरगरू लागेल. थोडक्यात, टॉर्क वाढवायचा असेल तर दोन फिरत्या भागांखेरीज पाय रोवून उभा राहणारा तिसरा भाग लागतो. फ्लुइड कपलिंगमध्ये तो तिसरा भाग नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तो आहे, आणि तोच स्टेटर. तो फिरत नाही म्हणूनच उपयोगी पडतो.

आता तेलाचा मार्ग पाहू. इम्पेलर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचे चाक, हा कन्व्हर्टरच्या बाहेरच्या कवचाचाच भाग असतो. ते कवच फ्लेक्स प्लेट या पातळ तबकडीमार्फत क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरत्या दांड्याला) जोडलेले असल्यामुळे इम्पेलर नेहमी इंजिनाच्याच वेगाने फिरतो. त्याच्या पात्यांमधले तेल केंद्रापासून परिघाकडे फेकले जाते आणि परिघावरून समोरच्या चाकात, म्हणजे टर्बाइनमध्ये, शिरते. टर्बाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसवलेले असते. त्याची पाती वक्र असतात. तेल त्यांच्यावरून परिघाकडून केंद्राकडे वाहते आणि वाहता वाहता टर्बाइनला ढकलते. टर्बाइन थांबलेले किंवा सावकाश फिरणारे असेल, तर वक्र पात्यांवरून वळून बाहेर पडणारे तेल इंजिनाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरत बाहेर येते. कळीचा मुद्दा इथे आहे. हे उलट्या दिशेचे तेल तसेच इम्पेलरमध्ये परत गेले, तर ते इम्पेलरला विरोध करील आणि इंजिनाचा बराचसा जोर त्या तेलाला पुन्हा सुलट करण्यातच खर्च होईल. स्टेटर या दोघांच्या मध्ये, केंद्राजवळ बसलेला असतो. तो उलट येणाऱ्या तेलाला वळवून इंजिनाच्या दिशेने इम्पेलरकडे सोडतो.

याचा हिशेब आकड्यांत मांडला की धूसरपणा जातो. प्रवाहातून दर सेकंदाला वाहून नेला जाणारा कोनीय संवेग टॉर्कच्याच एककात, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये, मोजता येतो. उदाहरणापुरते असे धरू की गाडी ब्रेकवर उभी आहे, इम्पेलरमधून बाहेर पडणाऱ्या तेलात २५० संवेग आहे, टर्बाइनमधून ते उणे ५० घेऊन बाहेर येते (उणे म्हणजे उलट दिशेने), आणि स्टेटरमधून अधिक १०० घेऊन बाहेर पडते. आता प्रत्येक भागाने तेलात किती बदल केला ते पाहा. इम्पेलरला तेल १०० वर मिळाले आणि त्याने ते २५० वर नेले, म्हणून इंजिनाला १५० न्यूटन-मीटर द्यावे लागले. टर्बाइनने २५० चे उणे ५० केले, म्हणून त्याला ३०० मिळाले. स्टेटरने उणे ५० चे अधिक १०० केले, म्हणजे त्याने १५० चा आधार दिला. इंजिनाचे १५० आणि स्टेटरचे १५० मिळून टर्बाइनचे ३०० होतात. हाच प्रवाह स्टेटरविना असता, तर उणे ५० वरून २५० पर्यंतची सगळी मजल इम्पेलरला एकट्यालाच मारावी लागली असती. इंजिनाला ३०० द्यावे लागले असते आणि टर्बाइनलाही ३००च मिळाले असते. स्टेटरने ऊर्जा अजिबात घातलेली नाही, कारण तो हललेलाच नाही. त्याने फक्त टेकू दिला, आणि त्याच्यावर आलेला १५० न्यूटन-मीटरचा भार स्थिर नळीवरून गिअरबॉक्सच्या आवरणात गेला.

गाडी वेग घेऊ लागते तसे टर्बाइन वेगाने फिरू लागते, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या तेलात टर्बाइनचा स्वतःचा वेग मिसळत जातो. उणे ५० चे आधी शून्य होते, मग अधिक होत जाते, आणि एक वेळ अशी येते की टर्बाइनमधून येणारे तेल स्टेटरने काहीही न करता योग्य दिशेनेच येत असते. त्यानंतरही स्टेटर हटून बसला, तर तेल त्याच्या पात्यांच्या पाठीवर आदळेल आणि तो अडथळाच ठरेल. म्हणून त्याला एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर बसवलेले असते: उलट दिशेला तो घट्ट अडकतो, सुलट दिशेला मोकळा फिरतो. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर पोहोचला की स्टेटर मोकळा होतो आणि त्या क्षणापासून सारे यंत्र साध्या फ्लुइड कपलिंगसारखे वागते. तिथून पुढे टॉर्क वाढत नाही. आपले दोन पंखे तिथे लागू पडतात.

घूर्णक (प्रतिसाद)

स्टेटरची पाती अरुंद असल्यामुळे तेलाचा दाब वाढतो आणि त्या दाबाने टर्बाइन अधिक जोरात ढकलले जाते, असे मी वाचले होते. म्हणजे शेवटी हे दाबाचेच काम नाही का?

अक्षदंड (प्रतिसाद)

नाही. कन्व्हर्टरमध्ये गिअरबॉक्सचा पंप दाबाखाली तेल भरत असतो हे खरे, पण तो दाब पोकळ्या आणि बुडबुडे होऊ नयेत आणि तेल थंड होण्यासाठी फिरत राहावे यासाठी असतो. टॉर्क त्यातून येत नाही. दाब सर्व पात्यांवर सारखाच वाढवला तर टॉर्कमध्ये काहीच फरक पडणार नाही. टॉर्क येतो तो तेलाची फिरण्याची दिशा आणि वेग बदलल्यामुळे. दाबाने चालणारी जलयंत्रे निराळी, आणि प्रवाहाच्या संवेगाने चालणारी निराळी. कन्व्हर्टर दुसऱ्या कुळातला आहे. म्हणूनच त्याची टॉर्क घेण्याची क्षमता वेगाच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर तोच कन्व्हर्टर त्याच वेगाला सुमारे १.६ पट टॉर्क पेलतो.

तेलकट हात (प्रतिसाद)

वरचे विवेचन नेमके आहे. मी दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे हाताला काय लागते तेवढे सांगतो.

कन्व्हर्टर बाहेरून बंद, वेल्ड केलेला असतो. तो कापल्याखेरीज आत काही दिसत नाही. कापल्यावर इम्पेलर आणि टर्बाइन यांची पाती पातळ पत्र्याची, कवचाच्या खाचांत बसवलेली दिसतात. त्यांच्या मध्ये बसणारा स्टेटर मात्र वेगळाच असतो: बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा, पाती आखूड, जाड आणि विमानाच्या पंखासारख्या छेदाची. त्याच्या मध्यभागी रोलर किंवा स्प्रॅग (एका दिशेला अडणारे छोटे ठोकळे) असलेला वन-वे क्लच, म्हणजे वर सांगितलेला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच, आणि त्या क्लचच्या आतल्या कड्याला खाचा. त्या खाचांत गिअरबॉक्समधून पुढे आलेली स्थिर नळी बसते. टर्बाइनचा शाफ्ट त्या नळीच्या आतून जातो, आणि नळीच्या बाहेरून कन्व्हर्टरचा हब (कवचाचा मधला नळीसारखा भाग) जातो, जो गिअरबॉक्सचा तेलपंप फिरवतो. एकाच अक्षावर एकात एक असे तीन थर असतात, आणि त्यांतला मधला थर हलत नाही.

कन्व्हर्टर न कापताही वन-वे क्लचची ढोबळ परीक्षा करता येते. उतरवलेला कन्व्हर्टर आडवा ठेवायचा, हबमधून बोट आत घालायचे आणि स्टेटरच्या कड्याच्या खाचा चाचपून ते कडे फिरवून पाहायचे. एका दिशेने ते मऊसर, सलग फिरले पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने लगेच अडकले पाहिजे. दोन्ही दिशांना फिरत असेल तर क्लच धरत नाही. एकाही दिशेला हलत नसेल तर तो जाम झाला आहे. बोटाची ही परीक्षा पूर्ण भाराखाली क्लच धरेल याची हमी देत नाही, पण उघड बिघाड मात्र लपत नाही.

या दोन बिघाडांची लक्षणे एकमेकांच्या अगदी उलट असतात आणि वरच्या हिशेबातून ती आपोआप निघतात. क्लच दोन्ही दिशांना घसरत असेल, तर स्टेटर टेकू देत नाही, कन्व्हर्टरचे कपलिंग होते आणि गाडी जागेवरून अत्यंत आळसाने उठते. एकदा वेग घेतला की मात्र सारे ठीक वाटते. क्लच जाम असेल, तर गाडी जागेवरून उत्तम निघते, पण मोठ्या वेगाला ती दबल्यासारखी वाटते आणि तेल तापू लागते, कारण मोकळे व्हायचे असते तेव्हा स्टेटर प्रवाहाला अडवत राहतो. गाडी उठत नाही एवढ्यावरून गिअरबॉक्स उघडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. आधी इंजिनाची ताकद तपासावी, मग कन्व्हर्टर, आणि गिअरबॉक्सचा क्रमांक त्यानंतर.

स्टॉल टेस्टविषयीही इथे सांगणे आवश्यक आहे, कारण लोक ती घरच्या घरी करून पाहतात. पाय-ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही घट्ट लावून, डी (ड्राइव्ह) मध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन ज्या वेगाला जाऊन थबकते तो स्टॉल वेग. सामान्य मोटारगाड्यांत तो बहुधा २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आकडा फारच कमी आला तर इंजिन अशक्त किंवा स्टेटरचा क्लच घसरणारा. फार जास्त आला तर गिअरबॉक्सचे आतले क्लच घसरत आहेत किंवा तेलाचा दाब अपुरा आहे. परीक्षा पाच सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, समोर कोणी उभे राहू नये, आणि झाल्यावर न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यावे. शिवाय हल्लीच्या अनेक गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की संगणक इंजिनाची ताकदच कमी करतो, त्यामुळे तिथे येणारा आकडा विश्वासार्ह नसतो.

अक्षदंड (प्रतिसाद)

पाच सेकंदांच्या मर्यादेमागचे गणित पाहण्यासारखे आहे. स्टॉलमध्ये टर्बाइन थांबलेले असते, म्हणजे बाहेर पडणारी शक्ती शून्य. इंजिन २२०० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर देत असेल, तर आत सुमारे ३४.५ किलोवॉट शक्ती जात असते, आणि ती सगळीच्या सगळी तेलाच्या उष्णतेत बदलते. कन्व्हर्टरमध्ये चार किलो तेल आहे आणि त्याची विशिष्ट उष्णता अंशाला २ किलोज्यूल आहे असे धरले, तर तापमान दर सेकंदाला चार अंशांहून अधिक वाढते. धातू थोडी उष्णता शोषतो, तेवढीच सूट. टॉर्क सर्वांत जास्त आणि कार्यक्षमता शून्य, हे दोन्ही एकाच क्षणी घडते.

पुढचा आलेख असा: टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या निम्म्यावर आला की टॉर्कची वाढ दुपटीवरून साधारण १.४ ते १.५ पटीवर उतरलेली असते. वेगांचे गुणोत्तर गुणिले टॉर्कचे गुणोत्तर म्हणजे कार्यक्षमता, म्हणून ती तेव्हा ७० ते ७५ टक्क्यांच्या घरात असते. स्टेटर मोकळा होतो तेव्हा ती ९० च्या जवळ जाते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. कन्व्हर्टर टॉर्क वाढवतो तो घसरत असतानाच, म्हणजे टर्बाइन इम्पेलरच्या मागे पडलेले असतानाच, आणि घसरणे म्हणजे इंधन जाळून तेल तापवणे. पहिला गिअर तिप्पट टॉर्क देताना पाच टक्केसुद्धा शक्ती वाया घालवत नाही.

जुनी चाके (प्रतिसाद)

उरलेले अर्धे उत्तर इतिहासात आहे, कारण कन्व्हर्टरच्या भरवशावर गिअर जवळजवळ टाकून देण्याचा प्रयोग खरोखर झालेला आहे.

या यंत्राची कल्पना मोटारगाडीसाठी नव्हती. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर स्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करत होते. वाफेची टर्बाइन वेगाने फिरली तर कार्यक्षम, आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तर कार्यक्षम; या दोघांची सांगड घालण्यासाठी त्यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या प्रवाहाने शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत आधी आली ती त्याची सोपी आवृत्ती: जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला, त्यात स्टेटर नसलेले फ्लुइड कपलिंग आणि चार गिअर होते. टॉर्क वाढवण्याचे काम सगळे गिअरच करत.

१९४८ च्या ब्यूइक गाड्यांत आलेला डायनाफ्लो याच्या बरोबर उलट होता. त्यात खरा टॉर्क कन्व्हर्टर होता, आणि नेहमीच्या चालवण्यात गिअर आपोआप बदलतच नसत. खालचा गिअर होता, पण तो चालकाने स्वतः निवडायचा. गाडी जागेवरून महामार्गाच्या वेगापर्यंत केवळ तेलाच्या भरवशावर जाई. त्यामुळे ती कमालीची गुळगुळीत चाले, एकही धक्का बसत नसे. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी वाढे आणि गाडी मागाहून, सावकाश येई. इंधनही जास्त लागे. कन्व्हर्टर दोन ते अडीच पटींपर्यंत टॉर्क वाढवू शकतो, पण मोटारगाडीला चढावर निघण्यापासून वेगात धावण्यापर्यंत लागणारी एकूण श्रेणी त्याहून कितीतरी मोठी असते. माझ्या मते डायनाफ्लो हे अपयश नव्हते; एका यंत्राकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे त्याने रस्त्यावर दाखवून दिले. पुढे सर्वांनी मधला मार्ग धरला: निघताना कन्व्हर्टर, नंतर गिअर.

लॉक-अपची कल्पनाही त्याच काळातली. पॅकार्डच्या १९४९ च्या अल्ट्रामॅटिकमध्ये गाडीने वेग घेतल्यावर कन्व्हर्टरला बाजूला सारून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच होता. पुढे बराच काळ उद्योगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. सत्तरच्या दशकात इंधन महागले, १९७८ मध्ये क्रायस्लरने आपल्या गिअरबॉक्समध्ये लॉक-अप आणला, आणि मग तो सर्वत्र रूढ झाला.

शंकासुर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. २५०, उणे ५० आणि १०० हा हिशेब कागदावर मांडून पाहिला आणि गाठ सुटली. स्टेटर काही देत नसून फक्त अडून उभा राहतो, हे आता स्पष्ट झाले.

त्यावरून दोन व्यावहारिक प्रश्न सुचतात. सिग्नलला गाडी डी मध्ये ब्रेकवर उभी असते, तेव्हाही टर्बाइन थांबलेलेच असते, म्हणजे ती स्टॉलचीच स्थिती झाली. मग दर सिग्नलला न्यूट्रल करावे का? आणि दुसरे: सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून मध्यम वेगाने जाताना माझ्या गाडीत अधूनमधून बारीक थरथर जाणवते, रस्त्यावरच्या लागोपाठच्या पट्ट्यांवरून चाके गेल्यासारखी. एका वर्कशॉपने संपूर्ण कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

अक्षदंड (प्रतिसाद)

पहिल्याचे उत्तर आपल्या हिशेबातूनच काढू. कन्व्हर्टरने घेतलेला टॉर्क वेगाच्या वर्गाने बदलतो. २२०० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर घेणारा कन्व्हर्टर ७०० आरपीएमला, म्हणजे इंजिन नुसते चालू असताना, सुमारे १५ न्यूटन-मीटर घेतो. टर्बाइनवर त्याचे ३० होतात. ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकू लागते ती त्यांच्याच बळावर. उष्णता वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे ३४.५ किलोवॉटची जेमतेम १.१ किलोवॉट उरते, आणि तेवढी तेलाचा कूलर सहज वाहून नेतो. म्हणून सिग्नलला डी मध्ये ब्रेकवर थांबण्याने कन्व्हर्टरचे काहीही बिघडत नाही. पुष्कळ वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रल केल्याने थोडे इंधन वाचते. काही गाड्या हे आतल्या आत स्वतःच करतात. दर मिनिटाला डी-एन-डी करत बसणे मात्र मला निरर्थक वाटते, कारण प्रत्येक वेळी गिअरबॉक्समधला क्लच पुन्हा पकडावा लागतो.

खरी काळजी चढावर घ्यावी. ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर थोपवून धरणे म्हणजे स्वतःहून स्टॉल टेस्ट लांबवत राहणे होय.

तेलकट हात (प्रतिसाद)

थरथरीबाबत: कन्व्हर्टर बदलण्याआधी थांबा.

आपण वर्णन केलेली थरथर बहुधा लॉक-अप क्लचची असते. टर्बाइनच्या पुढे, कवचाच्या आतल्या बाजूला, घर्षणाचा पट्टा असलेली एक तबकडी असते. तिच्या आणि कवचाच्या मधल्या फटीत पुढून तेल सोडले की ती दूर राहते. प्रवाह उलटा केला की मागच्या दाबाने ती कवचाला चिकटते आणि टर्बाइन थेट इंजिनाच्या वेगाने फिरू लागते. मधला तेलाचा मऊपणा नाहीसा झाल्यामुळे इंजिनाचे हिसके थेट पुढे जाऊ नयेत, यासाठी तबकडीत स्प्रिंगाही असतात. आधुनिक गाड्या हा क्लच पुष्कळदा पूर्ण न आवळता किंचित घसरता ठेवतात, आणि तिथेच तेलाची कसोटी लागते. एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) घर्षण गुळगुळीत ठेवणारी रसायने असतात. ती जुनी झाली की तबकडी सलग घसरण्याऐवजी चिकटते, सुटते, चिकटते, सुटते. त्याचीच थरथर होते.

खात्री करून घेणे सोपे आहे. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकचे पेडल अगदी हलके, दिवा लागेल एवढेच दाबा. बहुतेक गाड्यांत त्यासरशी लॉक-अप सुटतो आणि आरपीएमचा काटा थोडा वर चढतो. थरथर त्याच क्षणी नाहीशी झाली, तर दोष लॉक-अपकडे आहे. काटा चढूनही ती तशीच राहिली, तर इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल किंवा चाके आणि शाफ्ट यांच्याकडे पाहावे लागेल. अशा वेळी कन्व्हर्टर बदलल्याने पैसे तेवढे जातील.

दोष लॉक-अपचाच निघाला, तर आधी तेल बदलावे, आणि ते पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ तेल इथे टाळलेले बरे. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की खालचा बोल्ट काढून तेल सोडले, तरी कन्व्हर्टरमधले तेल आतच राहते, म्हणजे जवळजवळ अर्धे किंवा त्याहून अधिक जुने तेल उरते. त्यामुळे काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा-दोनदा तेल बदलावे लागते, किंवा कूलरच्या नळीतून सगळे तेल बदलण्याची पद्धत वापरावी लागते. काढलेले तेल पांढऱ्या कागदावर घेऊन पाहा. नुसते काळपट असेल तर आशा आहे. त्यात काळी कणी दिसत असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर पट्टा झिजलेला आहे आणि तेल बदलून तो परत येणार नाही; तेव्हा वर्कशॉपचा सल्ला मानावा, आणि नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी कूलर व त्याच्या नळ्या धुवून घ्यायला सांगावे, नाहीतर जुना गाळ नव्यात जातो.

घूर्णक (प्रतिसाद)

एक शेवटची शंका. बॅटरी उतरली तर अशी गाडी ढकलून का चालू होत नाही? टर्बाइन फिरले की तेलामार्फत इम्पेलरही फिरायला हवा.

तेलकट हात (प्रतिसाद)

चाकांपासून टर्बाइनपर्यंत जोडणीच नसते. गिअरबॉक्सचे आतले क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात, तो दाब देणारा पंप कन्व्हर्टरच्या हबवरून, म्हणजे इंजिनावरून फिरतो, आणि इंजिन बंद असले की दाब शून्य असतो. याच कारणाने अशी गाडी इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढत नेऊ नये. गिअर फिरत राहतात आणि त्यांना वंगण देणारे कोणी नसते.